बाई वाट बघत होत्या

सासूबाईंना शंभरावं लागलं, त्या वर्षी मी त्यांच्या विद्यार्थ्यांशी खोटं बोलले.

शाळेतून निवृत्त होऊन चाळीस वर्षं उलटली तरी गुरुपौर्णिमेला विद्यार्थी घरी यायचे. विद्यार्थी म्हणजे सत्तरी-पंच्याहत्तरीचे. एकाला जिना चढवत नाही, दुसऱ्याला चहा बिनसाखरेचा.

"बाई, ओळखलंत का?"

"न ओळखायला काय झालं? गणिताच्या तासाला पोटात दुखायचं तो तू. आता कसंय पोट?"

बाहेर हशा. मी आत कप विसळत असायचे.

नवरा गेल्यापासून सगळं माझ्यावर. अंबडच्या कंपनीतली नोकरी, आईंची आंघोळ, त्यांची औषधं. थकले होते, एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही. सगळ्यांना निरोप देणारे एक गृहस्थ होते, त्यांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "आई आता कुणाला ओळखत नाहीत. येऊन तुम्हालाच वाईट वाटेल."

गुरुपौर्णिमेला आईंनी इस्त्रीची साडी मागून घेतली आणि नऊपासून दाराकडे तोंड करून बसल्या. एक वाजता मी ताट नेलं.

"गेले वाटतं गं सगळे. मीच मेली उरले."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "वयं झाली हो त्यांची. जेवून घ्या."

त्या जेवल्या. मग एकेकाचं नाव आठवून, थांबत थांबत, हात जोडत राहिल्या. पुढच्या गुरुपौर्णिमेला त्यांनी साडी मागितली नाही. त्यानंतरही वर्षभर होत्या. मी आज सांगू म्हणायचे आणि उद्यावर ढकलायचे.

दहाव्याला गोदावरीवर झाडून सगळे आले. निरोप देणारे ते गृहस्थ काठी टेकत माझ्याजवळ आले. "एका अर्थी बरंच झालं, वहिनी. बाईंना ओळख राहिली नव्हती. नाहीतर आमची वाट बघत बसल्या असत्या."

"बसल्या होत्या," मी म्हणाले. "सगळं ओळखत होत्या. तुम्ही येऊ नये म्हणून मी खोटं सांगितलं. तुम्ही सगळे गेलात, असं धरून चालल्या त्या. मी धरू दिलं."

ते काठी सावरत घाटाच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "माझं नाव घेतलं होतं?"

मी हो म्हटलं. हात जोडले होते, तेही सांगितलं.