कोपऱ्यातला बाण

कारखान्यात त्यांना रिजेक्टराव म्हणायचे. तोंडावर नाही हं, तोंडावर 'साहेब'. पण साहेब पुढच्या मशीनकडे वळले की मागून हळूच, "गेला रे बाबा रिजेक्टराव." कामच तसं होतं. पंपाचे सुटे भाग मोजायचे आणि पास की नापास ते ठरवायचं. केसभर फरक दिसला की लाल ठिपका. बरं, ठिपका देऊन गप्प बसतील तर ते रिजेक्टराव कसले! ज्याने तो नग बनवला त्याला बोलावून चारचौघांत, "हे काय आहे? डोळे घरी विसरलास का?" असं विचारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. कामाला माणूस वाघ, त्यात वाद नाही. यांच्या हातून एकही सदोष नग बाहेर गेला नाही, असं निवृत्तीच्या दिवशी मॅनेजर म्हणाला आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यातल्या किती टाळ्या ते चालले म्हणून होत्या, ते विचारू नये.

घरीही तेच. आमटीतलं मीठ, पडद्याची शिलाई, बायकोने पुसलेला आरसा, सगळं तपासून घ्यायचं. आणि लेक. एकुलती एक. तिला घरात ठकू म्हणत. तिचं अक्षर, तिची चाल, तिच्या मैत्रिणी, कशालाच कधी पटकन पास मिळालं नाही. शाळेने तिला उभ्या जन्मात नापास केलं नाही, ती कसर बापाने भरून काढली. मोठी झाल्यावर या ठकूने आपला नवरा आपणच पसंत केला. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, बोलायला नरम, केस जरा वाढलेले. रिजेक्टरावांनी त्याला दारातच खालपासून वरपर्यंत बघितला. पुढे काय झालं ते सांगायला नकोच.

ठकूने तरीही त्याच्याशीच लग्न केलं आणि ती दूरच्या शहरात राहायला गेली. पहिल्या वर्षी तिने बापाला शर्ट पाठवला. यांनी तो परत धाडला, वर चिठ्ठी लावून: 'माप चुकलं.' अंगात घालून बघितलासुद्धा नव्हता! त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं तुटलं. फोन यायचा तो आईला, आणि आई तो घेऊन स्वयंपाकघरात जायची.

अशी वर्षं गेली. ठकूला मुलगी झाली, ती बोलायला लागली, प्रश्न विचारायला लागली. एके दिवशी ठकू आईला म्हणाली, "आई, पोरगी सारखी विचारते, तू लहानपणी कशी होतीस. बाबांकडे त्या डिस्क आहेत ना? विचारशील का त्यांना? नाही म्हणाले तर राहू दे."

डिस्क होत्या. ठकू लहान असताना रिजेक्टरावांनी हौसेने व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. पुढे त्या टेपांच्या डिस्क करून घेतल्या आणि बुटांच्या खोक्यात घालून कपाटावर ठेवल्या. दुसरी प्रत कुणाकडे नाही. बायकोने धीर करून जेवताना विषय काढला. आता हे ताट सरकवणार, या तयारीनेच बसली होती बिचारी. रिजेक्टरावांनी घास चावून संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "डिस्क कुरिअरमध्ये फुटतात. कॉपी करून पाठवतो."

बायकोचा हात वाढता वाढता थांबला. "मग मी त्या कॉम्प्युटरवाल्याला फोन करते, तो येऊन..."

"कशाला? मला काय हात नाहीत?"

हात होते. कॉम्प्युटरही होता, त्यावर ते पत्ते खेळायचे आणि पेपर वाचायचे. पण खरी गोष्ट अशी, की त्या डिस्क बघताना दुसरं कुणी शेजारी बसलेलं त्यांना नको होतं. लेकीने इतक्या वर्षांत काहीतरी मागितलं होतं. माफी मागणं या माणसाला जमण्यातलं नव्हतं, पण डिस्क देणं जमेल असं त्यांना वाटलं. मनातल्या मनात ते हरखले होते. चेहऱ्यावर मात्र काही नाही.

त्यांनी पहिली डिस्क घातली. माउसचं उजवं बटण दाबलं, यादी उघडली, त्यात 'सेंड टू' दिसलं, त्यापुढे 'डेस्कटॉप'. दाबलं. झालं! पडद्यावर लगेच एक छोटं चित्र आलं आणि त्याच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण. हा बाण कसला? रिजेक्टरावांनी चष्मा वर करून बघितलं आणि त्यांची कळी खुलली. कारखान्यात पास झालेल्या नगावर अशीच कोपऱ्यात बारीक खूण करत. म्हणजे कॉम्प्युटर स्वतः तपासून खूण करून देतो! "शिस्तीचं मशीन आहे," ते बायकोला म्हणाले. आयुष्यात त्यांनी कुणाचं एवढं कौतुक केलं नव्हतं.

पण दुसऱ्याच्या खुणेवर विसंबतील तर ना! त्यांनी स्वतः त्या चित्रावर क्लिक केलं. फिल्म सुरू झाली. त्यांनी ती शेवटपर्यंत बघितली. मग चित्राखाली नाव टाइप केलं: 'ठकू सायकल'. मग डिस्क बाहेर काढली, पत्रा कापायची कात्री घेतली आणि तिचे दोन तुकडे केले.

"अहो, हे काय!" बायको धावत आली.

"जुनी प्रत ठेवायची नसते. दोन प्रती झाल्या की घोळ होतो." कारखान्यात नवं ड्रॉइंग आलं की जुनं तिथल्या तिथे फाडायचं, हा त्यांचाच नियम. जुन्यावरून कुणीतरी काम करतं आणि अख्खा लॉट वाया जातो.

"राहू द्या ना. कुठे खायला मागतायत त्या!"

"तुला यातलं काही कळतं का?"

झालं. ती आत निघून गेली. रोज दोन-तीन डिस्क व्हायच्या. घालायची, पाठवायची, बघायची, कापायची. बघताना एक गोष्ट त्यांना बोचायला लागली. पडद्यावर ठकू, आणि मागून सतत त्यांचाच आवाज. "सरळ बस. कॅमेऱ्याकडे बघ. हसतेस काय अशी? परत कर." पोर पुन्हा करायची, पुन्हा चुकायची, शेवटी कॅमेऱ्याकडे न बघता बापाच्या तोंडाकडे बघत राहायची. रिजेक्टरावांनी आवाज कमी केला. तरी ऐकू येतच होतं.

आणि मग ती एक डिस्क लागली. ठकू शिंप्याच्या दुकानातून आणलेल्या चिंध्यांची बाहुली करून दाखवत होती. वेडीवाकडी, एक हात लांब, एक आखूड. "बाबा, बरोबर झालं का?" आणि मागून त्यांचा आवाज आला, हसणारा, मोकळा, त्यांना स्वतःलाही ओळखू न येणारा. "झालं की! एकदम पास!" पोरीने टुणकन उडी मारली होती. रिजेक्टरावांनी ती फिल्म पुन्हा लावली. पुन्हा लावली. डोळे पुसले, बायको बघत नाही ना ते बघितलं, आणि नाव दिलं: 'ठकू पास'. हे ती बघेल, तेव्हा तिला कळेल. वेगळं काही बोलायची गरज पडणार नाही. आणि मग ती डिस्कसुद्धा त्यांनी कापली. नियम म्हणजे नियम.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले असताना बायकोने हळूच 'ठकू सायकल' दाबलं. मशीनमध्ये तेव्हा समुद्रावरच्या सहलीची डिस्क होती. पडद्यावर समुद्र आला.

"अहो, सायकलवर दाबलं तर समुद्र लागतोय."

"चुकीच्या ठिकाणी दाबलं असशील."

"नाही हो, बरोबर सायकलवरच..."

"तू हात लावू नकोस. माझं तपासून झालंय."

तिथेच थांबले असते तर उरलेलं तरी वाचलं असतं. पण बायकोचं ऐकायचं म्हणजे रिजेक्टरावांना स्वतःच्या नगावर ठिपका दिल्यासारखं. शेवटची डिस्क कापून झाल्यावर त्यांनी सगळी चित्रं पेन ड्राइव्हवर टाकली. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम संपलं. "इतक्यात झालं?" बायको म्हणाली. "काय मशीन आहे!" ते म्हणाले. पेन ड्राइव्ह पुन्हा उघडून बघितला नाही. एकदा तपासलेलं पुन्हा तपासायचं म्हणजे स्वतःवरच अविश्वास. दुपारी स्वतः जाऊन कुरिअर करून आले. येताना बायकोसाठी केळी आणली, आणि एकही केळं दाबून न बघता आणली.

मग वाट बघणं सुरू झालं. फोन वाजला की पेपरमधून डोकं वर. बायकोने फोन उचलला की "कोण आहे?" शेवटी ठकूचा फोन आला तो आईलाच, आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली ती पांढरी पडून.

"ती म्हणते, तुम्ही रिकामं पाठवलंत. नुसती नावं. सायकल, समुद्र, ठकू पास. आत काहीच नाही. पोरीला मांडीवर घेऊन बसली होती हो बघायला! म्हणते, शर्ट परत आला तेव्हा एवढं लागलं नव्हतं."

रिजेक्टराव उठून कॉम्प्युटरकडे गेले. 'ठकू पास'वर दाबलं. काही उघडलं नाही. पुन्हा दाबलं. दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. मशीन बिघडलं म्हणून त्यांनी त्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने एकच नजर टाकली.

"काका, या फिल्म नाहीत. हे शॉर्टकट आहेत. कोपऱ्यात बाण दिसतोय ना, तो त्याचाच. घराची पाटी उचलून नेल्यासारखं झालंय, घर तिकडे डिस्कवरच राहिलं."

"मी प्रत्येक उघडून बघितली आहे."

"डिस्क आत असताना बघितली असेल ना? मग चालणारच. कुठलंही दाबा, जी डिस्क आत असेल तीच लागणार. काही हरकत नाही, द्या त्या डिस्क, संध्याकाळपर्यंत करून देतो."

बायकोने कोपऱ्यातली डिस्कच्या तुकड्यांची पिशवी आणून त्याच्यासमोर धरली. त्याने आत बघितलं, मग काकांकडे बघितलं, आणि पैसे न घेता निघून गेला.

रिजेक्टराव तिथेच बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा सदोष नग बाहेर गेला होता, आणि तोही कुठे! बायकोला फार वाईट वाटलं. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मी लावते फोन. तुम्ही सांगा तिला. चुकून झालं म्हणा. मुलगीच आहे ती तुमची."

तेवढ्यात फोन वाजला. ठकूचाच होता, आणि तिने बाबांना द्यायला सांगितलं. इतक्या वर्षांनी! बायकोने फोनचा आवाज मोठा करून तो त्यांच्या हातात दिला.

"बाबा?" आवाज बसलेला होता. "आईवर ओरडले मघाशी. हे म्हणतायत, असं चुकून होतं. पुष्कळांचं होतं. तुम्हाला कळलं नसेल. चुकूनच झालं ना, बाबा?"

एक 'हो' हवा होता. लेकीने तो जवळजवळ त्यांच्या तोंडात आणून ठेवला होता. बायको समोर उभी राहून मान हलवत होती, म्हणा, हो म्हणा. रिजेक्टरावांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात मागून जावयाचा आवाज आला, "अगं, त्यात काय एवढं! या वयात त्यांना कुठून जमणार हे? डिस्क पाठवायला सांग, मी काढतो दोन मिनिटांत."

चांगल्या मनाने बोलला हो तो. पण 'कुठून जमणार'! आणि कोण म्हणतंय? तो?

"मला सगळं जमतं," रिजेक्टराव म्हणाले. "काय पाठवलं ते मी नीट बघून पाठवलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे मुद्दामच पाठवलंय."

मग ठकूने विचारलं, "आणि डिस्क?"

"कापून टाकल्या."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बायकोने आजवर या माणसापुढे आवाज चढवला नव्हता. तो आज चढला. "खोटं! धडधडीत खोटं बोललात! स्वतःच्या पोरीशी!" तिने फोन हिसकावून घेतला. या वेळी ती स्वयंपाकघरात गेली नाही, तिथेच त्यांच्यासमोर उभी राहून तिने फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो बाण, ती कात्री, तो कॉम्प्युटरवाला. "अगं, नाही गं मुद्दाम केलं त्यांनी. त्यांना खरंच आलं नाही ते. तुझी ती बाहुलीची फिल्म बघून रडले गं, मी दारातून बघितलं."

"आई, पुरे," ठकूचा आवाज खोलीभर ऐकू आला. "किती पांघरूण घालशील त्यांच्यावर? शर्टाच्या वेळीही म्हणालीस, माप खरंच चुकलं होतं. मी तेव्हाही ऐकलं. आता नाही. चूक? माझ्या बाबांची? आई, त्यांची कधी चूक होते का? जन्मात एकदा तरी झालीय?"

आईने फोन तसाच रिजेक्टरावांपुढे धरला. लाइन चालू होती. 'झाली गं' एवढंच म्हणायचं होतं.

आणि काय सांगायचं या माणसाचं! लेक चालली होती, न बघितलेली नात चालली होती, आणि लेकीचं ते वाक्य ऐकून त्यांना, त्याही वेळी, बरं वाटलं. त्यांनी फोन घेतला नाही.