घमेलंभर जुना भुसा

स्वच्छतेच्या बाबतीत मी कुणाला हार जाणारी नाही. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घराची फरशी दिवसातून दोनदा पुसली जाते. करमाडच्या शेतातलं माझं कोंबड्यांचं शेडही तसंच. नवी पिल्लं यायच्या आधी जुना भुसा बाहेर, चुना, औषधाची फवारणी, मग कोरा भुसा. तरी लागोपाठ दोन खेपांची पिल्लं हगवणीनं गेली. मी ती मुठीत उचलून पुरायची आणि शेडमागे जाऊन रडायची. नवरा म्हणाला, "आता शेवटची खेप. हीपण गेली तर शेड बंद."

ती पिल्लं आली त्या सकाळी माझी लेक घमेलं घेऊन शेडशेजारच्या आमच्या जुन्या, ठणठणीत कोंबड्यांच्या खुराड्यात शिरली. ती कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. त्या कोंबड्यांची विष्ठा तिनं आधीच तपासून घेतली होती. त्यांच्या पायाखालचा भुसा तिनं आणला आणि माझ्या कोऱ्या भुशावर पसरला.

"डोकं फिरलं काय गं तुझं? घाण कशाला टाकती?"

"आई, ही पिल्लं मशीनमधून निघालेली. कोंबडीखाली कधी बसलीच नाहीत, म्हणून आतडं रिकामं. आपण एसटीत रुमाल टाकून जागा धरतो ना? चांगले जिवाणू तसेच आतड्याला आधी चिकटून बसतात. मग वाईट जिवाणूंना चिकटायला जागाच नाय. ते चांगले जिवाणू या भुशात आहेत. तू दरवेळी तेच झाडून टाकती."

माझा असा जळफळाट झाला! माझ्याच शेडमध्ये मला शिकवते! पण माझ्या पद्धतीनं दोन खेपा गमावून बसले होते.

"मेली तर तूच पुरायची," मी म्हणाले.

"व्हय, पुरीन."

आणि खरंच, रोज कॉलेजच्या आधी ती करमाडला यायची. दाराशी फावडं टेकवायची, मग आत जायची. मी बाहेरच थांबायची, आत पाहायची माझी हिंमत नसायची. पहिल्या आठवड्यात दोन गेली. दोनच! ती तिनं पुरली. तिसऱ्या आठवड्यात बाकीची सगळी दाण्यावर अशी तुटून पडली की नवरा दारात उभा राहून हसला. शेड बंद करायचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही.

 परवा देवगाव रंगारीहून एक बाई शेड बघायला आल्या. कोऱ्या भुशावर मला जुन्या भुशाचं घमेलं रिकामं करताना बघून त्यांनी नाकाला पदर लावला. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या लेकीनं," मी म्हणाले. त्यांनी परत विचारलं नव्हतं, तरी मी पुन्हा एकदा तेच म्हणाले.