पहिल्या मानाची चाचणी

सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची समुपदेशक म्हणून माझी अर्धी नोकरी गप्प बसण्यात गेली. माझ्यासारख्या बडबडीला ही शिक्षाच होती.

शिमग्याच्या तोंडावर जवळच्या गावातली एक वहिनी आली. नवरा मुंबईला नोकरीत, दोघंही आमच्याच गोळ्यांवर ठणठणीत. खुर्चीवर बसली आणि रडायलाच लागली.

"बाय, वाडीनं ठरवलान, मुंबयवाल्यांनी एचआयव्हीचा रिपोर्ट दावल्याबिगर पालखीला खांदा लावायचा नाय. त्यांच्या घरी पालखीपण यायची नाय."

मला असा संताप आला! वर्षातून एकदा देव दारात येतो, तोही हे अडवणार.

रविवारी सकाळी सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, गावाची बैठक होती. मी न बोलावता गेले. सोबत संमतीच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा. ठरावाचं कुठून कळलं म्हणून गावकऱ्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, वाऱ्यावरून.

आधी कायदा सांगितला. संमतीशिवाय चाचणी नाही, रिपोर्ट दाखवायची सक्ती नाही. भीती घातली की माणसं तपासायलाच येत नाहीत आणि आजार मोकाट पसरतो.

पहिले मानकरी मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मॅडम, कायदा तुमच्या हापिसात. हितं देवाचा काम हाय."

"मग देवाच्या रीतीनंच करू," मी म्हटलं. "पहिला नारळ तुमचा, पहिला खांदा तुमचा, तर पहिली चाचणीही तुमचीच. स्वखुशीनं हं! करा सही."

मानकऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा आपला मान दुसऱ्याला देऊ केला. दुसऱ्यानं तो तिसऱ्याला दिला. अर्ज सगळ्यांच्या हातांतून फिरून कोराच परत आला, आणि ठराव तिथेच बारगळला.

चार दिवसांनी तेच मानकरी तोंडाला रुमाल बांधून माझ्या खोलीत हजर!

"तपासून घेतो. पण कोणाला कळायचा नाय ना?"

"तसा कायदाच आहे," मी अगदी चवीनं म्हटलं.

चाचणी करून ते बाहेर पडले, तर बाकावर गोळ्यांसाठी आलेली वहिनी. दोघं एकमेकांकडे बघतच राहिली.

"खोकला गो?" त्यांनी विचारलं.

"होय. तुमचा?"

"माझा पण खोकलाच."

शिमग्यात मी मुद्दाम त्या वाडीत गेले. वहिनीच्या अंगणात पालखी नाचली, एका बाजूला तिचा नवरा, दुसऱ्या बाजूला मानकरी. ओटी भरताना वहिनीला रडू आवरेना.

"काय झाला हिला?" कोणीतरी विचारलं.

मानकरी पालखीखालूनच ओरडले, "खोकला हाय तिला. ढोल वाजवा रे!"