अक्षरावर पाय

औंढ्याच्या बसस्टँडमागं स्वप्निलनं डिजिटल खेळघर काढलं, तेव्हा त्यानं दोन चुका केल्या. एक, जागा वरच्या मजल्यावर घेतली. त्यामुळं खाली पायरीवर बसून मला सगळं ऐकू येतं. दुसरी, लेकरं सांभाळायला रुख्मिणीबाईंना ठेवलं.

बाई शिरड शहापूरच्या. एकतीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या. निरोपाचा नारळ घेऊन घरी गेल्या, आणि तिसऱ्याच दिवशी शेजारणीच्या शेळीला "रांगेत चाल" म्हणून दटावताना लोकांनी त्यांना पाहिलं. लेकरांवाचून बाईंना करमत नाही, एवढं खरं. स्वप्निलनं बोलावलं तशा सकाळच्या पहिल्या जीपनं हजर.

खेळघरात छताच्या यंत्रातून जमिनीवर उजेडाची अक्षरं पडतात. यंत्र म्हणतं "क", की लेकरानं पळत जाऊन क वर पाय द्यायचा. वेळेत दिला तर तारा मिळतो.

पहिल्याच दिवशी बाईंनी खेळ थांबवला. "अक्षराला पाय लावून राहिले काय रे? पाया पडा आधी."

झालं. पोरगं क वर उडी मारायचं, वाकून जमिनीला हात लावायचं, तो कपाळाला लावायचं आणि मग ख शोधायचं. तोवर ख निघून गेलेला. खेळघरात भोपळ्यांचं पीक आलं.

"मावशी, तो नुसता उजेड हाय," स्वप्निल रोज सांगायचा.

"देवापुढचा दिवाबी उजेडच असतो. त्याच्यावर देतो का पाय?"

"ही मशीनच पायासाठी बनवली हाय."

"बनवणाऱ्याला आई नसंल."

स्वप्निलचे केस अकाली पिकायला लागले ते असे. त्यात आईबाप येऊन विचारायचे, आमचं लेकरू मोबाईलवर पहिलं येतं, इथंच काहून भोपळा? शेवटी स्वप्निलनं हात जोडले. "शनिवारी सेनगावहून अमृतराव गुरुजी शाळा घेऊन येऊन राहिले. त्यांच्या मनात भरलं तर बाकीच्या शाळाबी येतील. त्या दिवशी तुमी एक शब्द जरी बोललात, तर सोमवारपासून येऊ नका."

बाई खाली येऊन माझ्याजवळ बसल्या. "पुन्हा त्या शेळीलाच शिकवू का आता?"

"शेळी तरी ऐकते," मी म्हणालो. एरवी त्यांनी माझ्या सात पिढ्यांची खबर घेतली असती. त्या दिवशी उठून जीपकडं चालायला लागल्या.

शनिवारी बाई तोंडात अख्खी सुपारी धरून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. मी पाण्याची घागर पोचवायच्या निमित्तानं वर. अमृतरावांनी आधी वीस लेकरांना उभ्यानं भाषण ऐकवलं: जग कुठं चाललंय, आपण जुन्या समजुती सोडल्या पाहिजेत वगैरे. मग खेळ सुरू झाला. पहिला नंबर आरोहीचा, असेल सात वर्षांची. तिनं क वर पाय दिला, खाली वाकली आणि हात कपाळाला लावला.

स्वप्निलनं गर्रकन बाईंकडं पाहिलं. गालातली सुपारी जागची हलली नव्हती.

"तुला कोणी सांगितलं गं हे?" त्यानं आरोहीला विचारलं.

"कोणीच न्हाई. पुस्तकाला पाय लागला की करतेतच ना," आरोही म्हणाली.

तिच्या मागची झाडून सगळी वाकली. अमृतराव वैतागले. "अरे, व्हा बाजूला. मी दाखवतो." मोजे सावरत गुरुजींनी ग वर दणकन पाय ठेवला. ठेवला मात्र, चष्मा धरून आपसूक खाली वाकले, बोटं जमिनीला लावली आणि कपाळाला टेकवली. यंत्र गोड आवाजात म्हणालं, "पुन्हा प्रयत्न करा."

लेकरं खिदळली. गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग म्हणाले, "भिंतीवर घ्या हो ही अक्षरं. हातानं शिकू द्या. मग पुढच्या शनिवारी आणखी दोन वर्ग आणतो."

बाईंनी सुपारी पदरात काढली. "मी काही बोलले का? सांगा हो तुमी." शेवटचं मला. मी 'न्हाई' म्हणून मान हलवली. स्वप्निल डोकं धरून बसला होता. काढून टाकायला त्याच्याकडं कारणच उरलं नव्हतं.

अक्षरं भिंतीवर गेली. रिकाम्या जमिनीवर स्वप्निलनं काल सापशिडी आणली. फणा काढलेले हातहातभर नाग, आणि लेकरांनी त्यांच्यावर नाचायचं. तेही नागनाथाच्या औंढ्यात.

बाई सोमवारी पहिल्या जीपनं येतील. मी पायरी झाडून ठेवली आहे.