तिने पुढे केलेला हात

उजवा हात पुढे करायचा, तळवा वर, आणि म्हणायचं, "हं, मारा." तिची ही तऱ्हा तुम्ही पहिल्यांदा बघितली असती तर हसला असता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बिरवाडीजवळ आमची दोनशिक्षकी शाळा होती. एक मी आणि दुसरे गुरुजी, तेच हेडमास्तर. ती माझ्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायची. मूळची पोलादपूरच्या वरच्या वाडीतली. नवरा एमआयडीसीत पाळीवर जायचा. तोंड असं तिखट की नळावरच्या बायका मुकाट्याने तिला पुढे सोडायच्या.

तिचा पोरगा तिसरीत, गुरुजींच्या वर्गात. एका जागी बसेल तर शपथ! पाढा म्हणता म्हणता खिडकीत, खिडकीतून अंगणात. गुरुजींना मारायला एरवीही निमित्त लागत नसे, याने तर रतीबच लावून दिला.

शाळेची रीत अशी, की ज्याने मार खायचा त्यानेच मागच्या कुंपणाला जाऊन निरगुडीचा फोक तोडून आणायचा. बाकीची पोरं रडत जायची आणि मुद्दाम वाळकी काटकी आणायची. हा पठ्ठ्या उड्या मारत जायचा. वर्गाबाहेर धावायला मिळतंय, एवढंच त्याच्या डोक्यात. चांगला जाड, ओला फोक निवडायचा, पानं ओरबाडून साफ करायचा आणि धापा टाकत गुरुजींच्या हातात द्यायचा. "निर्लज्ज!" म्हणून गुरुजी दुप्पट मारायचे. पोटऱ्यांवरचे जुने वळ जायच्या आत त्यांवर नवे उठायचे.

आणि हे सगळं तिच्या संमतीनेच चाललं होतं, बरं का. शाळेत नाव घालताना सगळेच गुरुजींपुढे नारळ ठेवून म्हणायचे, तशी तीही म्हणाली होती, "मारा गुरुजी, हातपाय तेवढे शाबूत ठेवा."

एक दिवस गुरुजींनी कानाखाली अशी ओढली की पोराच्या कानातून रक्त आलं. ती त्याला घेऊन मुंबईला दिराकडे गेली, मोठ्या इस्पितळात दाखवलं. परत आली ती थेट शाळेत. पिशवीतून नारळ काढला आणि पायरीवर असा आपटला की पाणी गुरुजींच्या तोंडावर उडालं.

"मी बोल्ले व्हते ना, मारा म्हनून? त्यो शब्द परत घेतला."

"म्हणजे काय?"

"डाक्टर बोल्ला, ही मस्ती नाय. त्याचं चित्त ठरत नाय, त्याला थांबताच येत नाय. मदी मदी उठायचं काम द्या. पानी आनू दे, घंटा देऊ दे, मग बसंल. मारून जायाचं नाय ह्ये."

"आमच्या वेळी नव्हती असली थेरं. इथे राहायचं तर मार खाईल. नाहीतर दाखला घ्या आणि चालू पडा."

दाखला घेतला की पोरगं वाडीवर गुरांमागे जाणार आणि शाळा संपली, हे तिला ठाऊक होतं. तिने घेतला नाही. रोज येऊन शाळेच्या ओट्यावर बसायला लागली. गुरुजींनी फोक उगारला की मध्ये तिचा हात. "हं, मारा." गुरुजी चरफडत फोक टाकायचे. बाईमाणसावर कसा उचलणार?

उचलला हो मेल्याने! एका दुपारी पोराच्या धक्क्याने पाण्याचा माठ फुटला. गुरुजींनी त्याला दंडाला धरून भिंतीवर आपटलं आणि फोक आणायला पिटाळलं. त्याने आणला. ती मध्ये आली, हात पुढे केला. "हं, मारा." गुरुजी मारतच सुटले. किंचाळ्या ऐकून मी माझ्या वर्गातून धावले, पण किंचाळत होती ती पोरं. तिची करंगळी मोडून लोंबत होती. फोकही तुटला होता. तिने आता डावा हात पुढे केला.

"दुसरा आण!" गुरुजी सवयीने ओरडले.

पोरगा धावला. फोक काही येईना. आम्ही मागे जाऊन बघतो तर तो कुंपण उपटत होता. हाताने, दाताने, मुळासकट. हात रक्ताने माखलेले, तोंडात माती. मग दुसरं एक पोरगं पुढे झालं, मग तिसरं, मग अख्खा वर्ग. "थांबवा त्यांना, बाई!" गुरुजी माझ्यावर खेकसले. कशाला थांबवू? मी पदर खोचला आणि एक बुंधा मीही धरला.

दुसऱ्या दिवसापासून पोरगा माझ्या वर्गात बसला. पाणी तो आणायचा, घंटा तो द्यायचा. दहावी झाला. आता आंबेनळी घाटात जीप चालवतो. तिची करंगळी मात्र वाकडीच राहिली.

ती गेली तेव्हा मी वाडीवर गेले होते. पडवीत तिला निजवलेलं, वाकडी करंगळी चादरीबाहेर. एवढा बाप्या झालेला तिचा पोरगा घरातून अंगणात, अंगणातून घरात, नुसता फेऱ्या मारत होता. लाकडं उचलायचा, परत ठेवायचा. शेवटी चुलता भडकला.

"आय मेलीय तुजी, लाज नाय वाटत? बस की रं येका जागी!" आणि त्याने हात उगारला.

मी उठले. दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि उजवा हात पुढे केला.

"हं, मारा," मी म्हणाले.