आईने घेतलेले बूट

सुखना तलावामागच्या जंगलात एकदा पायी जायचं, एवढीच एक गोष्ट कांचनची चंदीगडात राहून गेली होती. आणि हातात उरला होता एकच रविवार. श्रीपादराव महिनाअखेरीला केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होत होते, सामानाचा ट्रक ठरला होता, पुढच्या आठवड्यात दोघं कायमची साताऱ्याला. अर्धा जन्म गेला की हो बाईचा या गावात! पण काय पाहिलंस विचारलं तर सांगायला रोझ गार्डन आणि सेक्टर बावीसचा बाजार. बस्स.

कारण बदली. झालेली नव्हे, होणारी. बदलीवाल्यांच्या घरात एक रीत असते, ती ज्याने भोगली त्यालाच कळते. नवीन काही आलं की ते खोक्यातच राहतं. पडदे पुढच्या क्वार्टरला लावू. डिनर सेट तिकडे गेल्यावर काढू. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, दारात झाड लावायचं नाही. दर उन्हाळ्यात श्रीपादराव चपला काढता काढता म्हणायचे, "यंदा पुण्याची ऑर्डर पक्की समज." आणि पाऊस सुरू झाला की, "राहिलं गं. दिल्लीवाल्यांनी नाव कापलं." त्या दिल्लीवाल्यांना कांचनने इतक्या शिव्या घातल्या होत्या, की त्यांना उचक्या लागून लागून घसे सुकले असतील.

पुण्याचा ध्यास तिला पुण्यासाठी नव्हता. साताऱ्यात आई होती. म्हातारी काटक, रोज सकाळी अजिंक्यतारा चढून यायची. एका सुट्टीत आईने तिला बाजारात नेलं आणि चालायच्या बुटांचे एकसारखे दोन जोड घेतले. दोघींच्या पायाचा नंबर एकच. "एक तुझा, एक माझा," आई म्हणाली. "तू बदलून आलीस की दोघी मिळून गड चढू. तोवर मीपण घालायची नाही." कांचनने आपला जोड चंदीगडला आणून खोक्यात ठेवला. मग दर दिवाळीला फोनवर तेच, "आई, यंदा नक्की गं." आणि आईचं तेच, "ये बाई, गुडघे बरे आहेत तोवर ये." आई गेली तेव्हा कांचन दिल्लीच्या विमानतळावर बसलेली होती. तोंडसुद्धा दिसलं नाही.

तर ते बूट तिने आता बाहेर काढले. करकरीत, आत अजून कागदाचे बोळे. गडावर नाही तर नाही, निदान इथल्या झाडांत तरी आईचे बूट घालून चालेन, असं तिने मनाशी धरलं होतं.

जंगलात शिरायच्या परवानगीचं सगळं देवेंद्रने केलं. देवेंद्र नागपूरचा, श्रीपादरावांच्या हाताखालचा, साहेबांना निरोप म्हणून ही सहल त्यानेच ठरवलेली. कचेरीतली दहा-बारा माणसं होती. फाटकातून आत शिरलं आणि पाच मिनिटांत शहराचा आवाज बंद. खैर, शिसव, मधेच बांबूची बेटं, खाली वाळलेल्या पानांचा खच. लांब कुठे मोर ओरडला. कांचनला वाटलं, अगं बाई, हे इतक्या जवळ होतं? स्कूटरवर दहा मिनिटं! आपण काय डोळे मिटून राहत होतो इथे? तिला आनंद झाला आणि त्या आनंदाचाच राग आला.

श्रीपादराव पुढे. वर टेकडीवर लाकडी मनोरा होता, तिथवर जायचं होतं. "झेपेल ना तुला?" त्यांनी मागे वळून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता निघूनही गेले.

कोरड्या ओढ्याचे दगड ओलांडताना तिच्या उजव्या पायाखाली काहीतरी लिबलिबलं. बघते तर बुटाचा तळ पुढून सुटून जिभेसारखा लोंबतोय. चार पावलांवर डावाही गेला. आतला फोम हातात भुगा होऊन आला. एक दिवससुद्धा न वापरलेले बूट!

मागून देवेंद्र आला. "अरे बाप्पा! वहिनी, ठेवून ठेवून सडतात हे. वापरले असते तर टिकले असते." त्याने खिशातून रुमाल काढला, बरोबरच्या एकीचा दुपट्टा मागून घेतला आणि खाली बसून तळ बांधू लागला. माणूस सरळ आणि बोलका. बांधता बांधता म्हणाला, "पण वहिनी, आता कसं करमेल तुम्हाला तिकडे? तुमच्यासाठीच तर साहेब इथं थांबले."

"माझ्यासाठी?"

"मग काय! पुण्यासाठी किती वेळा नाव निघालं त्यांचं. दर वेळी साहेब स्वतः दिल्लीला फोन करायचे, नाव काढा म्हणून. माझ्यासमोरच. म्हणायचे, मिसेस चंदीगड सोडायला तयारच नाही, काय करू."

देवेंद्रने गाठ आवळली, "चालून पाहा," म्हणाला. ती चालू लागली. वरपर्यंत चालली. झाडं दिसत नव्हती तिला.

श्रीपादराव मनोऱ्याखाली पेरू खात उभे होते. "आलीस? वा! आता साताऱ्याला गेलो की रोज अजिंक्यतारा. तुझी केव्हाची इच्छा."

"पुण्याची ऑर्डर तुम्ही रद्द करायला लावत होतात?"

पेरूचा घास तोंडात तसाच राहिला. त्यांनी देवेंद्रकडे पाहिलं, मग इतरांकडे, आणि आवाज खाली आणला. "अगं, तिकडे माझ्या दादाचं घर, रोजची उठबस, भांडणं... तुलाच त्रास झाला असता. इथे निवांत होतो आपण."

"मी निवांत नव्हते. मी खोक्यांत राहत होते." तिचा आवाज खाली नव्हता. "आणि दर दिवाळीला आईला सांगत होते, यंदा येते. ती वाट बघत मेली. खोटं तुमचं, वदवून घेतलंत माझ्या तोंडून. कचेरीतही नाव माझंच!"

बाकीचे लोक एकदम झाडं बघू लागले. श्रीपादराव म्हणाले, "घरी गेल्यावर बोलू." हेही तिला पाठ होतं, घरी गेल्यावर, तिकडे गेल्यावर.

तिने दगडावर बसून रुमाल सोडला, दुपट्टा सोडला, ज्याचं त्याला दिलं. बूट हातात घेतले आणि अनवाणी उतरू लागली. खैराचा काटा पहिल्याच वळणावर घुसला. तिने तो काढला नाही.

"कांचन, वेडेपणा करू नकोस," श्रीपादराव मागून घाईघाईने येत म्हणाले. "टाक ते बूट. साताऱ्याला गेल्यावर नवीन घेऊ."

"कशाला?" ती मागे न वळता म्हणाली. "तिथे आईचा जोड आहे. तोही घातलेला नाही."