टर्कीच्या आधी शेकलेला दस्ता

आर्लीनला त्या रायफलीची शिसारी आली होती. तिच्या नवऱ्याने, व्हर्गिलने, कुठल्याशा फौजेने मोडीत काढलेल्या जुन्या रायफलीचे खोकंभर सुटे भाग मागवले होते. ते जोडून त्याला अख्खी रायफल उभी करायची होती. सगळ्या भागांवर काळपट, चिकट ग्रीस थापलेलं. लाकडी दस्त्यात मुरलेलं ग्रीस शेकलं की पाझरतं, म्हणून ह्या पठ्ठ्याने थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे घरोघरी टर्की पक्षी भाजायच्या सणाच्या, सकाळी तो दस्ता सरळ तिच्या ओव्हनमध्ये ठेवला.

"अरे, त्यात मी टर्की भाजते."

"जुन्या रायफली जोडणारे सगळे असंच करतात," व्हर्गिल म्हणाला.

सगळ्यांच्या बायका ओव्हन घासत बसतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. आर्लीनने आज तो घासला नाही; तशीच त्यात टर्की भाजली.

दुपारी धाकटा दीर डेल जेवायला आला. दस्ता नाकाशी धरून म्हणाला, "इतिहासाचा वास येतोय बघ."

"ह्या रायफलीपायी कुणी मेलंही असेल," व्हर्गिल कौतुकाने म्हणाला.

आर्लीनने टर्की वाढली. पहिल्याच घासाला दोघा भावांची तोंडं थांबली.

"थुंकायचं नाही," ती म्हणाली. "इतिहास आहे तो. गिळा."